उपकारस्तुति आणि स्तुति

आमच्या शाळेचा दिवस प्रार्थनेनें सुरू होतो. घंटा होते, वर्गावर्गांच्या रांगा सभागृहांत येतात, गीत होतें, पवित्र शास्त्रांतील एक उतारा वाचला जातो, आणि मग ज्या विद्यार्थ्याची पाळी असेल तो पुढें येऊन प्रार्थना करतो. ह्या प्रार्थना मी आज कित्येक वर्षें ऐकत आलों आहें. त्या मनापासून केलेल्या असतात ह्याविषयीं मला शंका नाहीं. एखादा लहान मुलगा मध्येंच अडखळतो, एखादी मुलगी आईनें लिहून दिलेला कागद मुठींत चुरगाळून उभी राहते. पण आपण कोणापुढें उभे आहों ह्याची जाणीव दोघांच्याहि चेहऱ्यावर दिसते. तथापि गेल्या वर्षीं मला एक नवीनच खोड लागली. ह्या प्रार्थनांत असतें तरी काय, हें मी कान देऊन ऐकूं लागलों.

जून महिन्यांत पाऊस मागितला जातो. जुलैंत पाऊस पुरे म्हणून विनंती होते. मग चाचणी परीक्षा, मग क्रीडास्पर्धा, मग आजारी पडलेले शिक्षक, मग सहामाही. मागण्यांच्या पाठोपाठ आभारहि येतात, आणि ते यावेत हें योग्यच आहे: निकाल चांगला लागला, संघ जिंकला, नवीन वर्गखोल्यांवर छप्पर पडलें, सहलीची गाडी सुखरूप परत आली. परंतु मागणें आणि आभार हीं दोन्हीं बाजूला काढलीं तर मागें उरतें काय, हें पाहूं गेलों तेव्हां मी थबकलों. बहुतेक दिवशीं मागें कांहींच उरत नव्हतें. परमेश्वराला उद्देशून केलेल्या भाषणांत परमेश्वराविषयीं एकहि वाक्य नव्हतें. सारें आमच्याविषयींच होतें.

मुलांना दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. त्यांनीं हें आम्हां वडील माणसांपासूनच उचललें आहे. आमच्या ख्रिस्ती घरांतून 'उपकारस्तुति' हा शब्द किती वेळां कानांवर पडतो पाहा. मुलाला नोकरी लागली कीं उपकारस्तुति, नवीन घरांत पाऊल टाकलें कीं उपकारस्तुति, दुखण्यांतून उठल्यावर उपकारस्तुति, हंगामाच्या सणाला धान्याच्या राशी व भोपळे मंदिरांत आणून उपकारस्तुति. शब्द सुंदर आहे. पण तो सामासिक आहे, आणि त्यांतील पहिलें पद इतकें बळावलें आहे कीं दुसरें पद त्याच्या पाठीमागें शेपटासारखें फरफटत जातें. उपकार नसेल तर स्तुति नाहीं, असा आमचा न बोललेला नियमच होऊन बसला आहे.

ह्या नियमानें काय होतें तें मला गेल्या जूनमध्यें एका मुलानें दाखवून दिलें.

शालान्त परीक्षेचा निकाल त्या वर्षीं उत्तम लागला होता व त्याबद्दल आभार मानण्यासाठीं विशेष सभा झाली. टाळ्या झाल्या, गीतें झालीं, भाषणें झालीं. एका विद्यार्थिनीनें मोठ्या गोड शब्दांत प्रार्थना केली. सभा संपल्यावर मी व्हरांड्यांतून शिक्षकांच्या खोलीकडे चाललों असतां नववींतला एक मुलगा मागून आला. त्याचे वडील त्याच उन्हाळ्याच्या आरंभीं वारले होते. तो म्हणाला, "सर, आज सगळ्यांनीं आभार मानले. आमच्या घरीं यंदा आभार मानण्यासारखें कांहीं झालेलें नाहीं. मग प्रार्थनेच्या वेळीं मीं काय करायचें?"

त्याच्या स्वरांत उद्धटपणा नव्हता. गणिताची पायरी चुकली तर विचारावें तितक्या सरळपणें त्यानें विचारलें. मीं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जें आम्ही शिक्षक अशा प्रसंगीं बोलतों तेंच बोललों: "असें म्हणूं नये. शोधलेंस तर आभार मानण्यासारखें कांहीं ना कांहीं सांपडेलच. आई आहे, शाळा आहे, प्रकृति चांगली आहे." त्यानें मान डोलावली व तो वर्गाकडे गेला. त्याची ती मान डोलावणें मला अजून टोंचतें. भाकर मागणाऱ्याच्या हातीं मीं हिशेबाची वही दिली होती. जमेच्या बाजूला काय काय आहे तें मोज, म्हणजे खर्ची पडलेल्या बापाचें दुःख कमी वाटेल, असाच माझ्या बोलण्याचा अर्थ होत होता. त्याला द्यावयाचें उत्तर मला तेव्हां सुचलें नाहीं. तें मी येथें देण्याचा प्रयत्न करणार आहें. उशीर झाला आहे हें मला माहीत आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं आभार मानणें ही हलकी गोष्ट नव्हे. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच परत आला, ह्याचें खुद्द प्रभूला नवल वाटलें, असें लूक सांगतो. १०३ व्या स्तोत्राचा कर्ता तर आपल्याच जिवाला बजावतो कीं एकहि उपकार विसरूं नकोस. कृतघ्न माणूस स्तवनाच्या पायरीपर्यंत पोंचेल असें मला वाटत नाहीं. माझें म्हणणें इतकेंच कीं ही पायरी आहे, घर नव्हे.

बाजारच्या दिवशीं संध्याकाळीं बाप घरीं येतो. दोन मुलें दाराशीं धांवत येतात. एकाची दृष्टि पिशवीवर असते; खाऊ निघाला कीं तो बापाच्या गळ्यांत पडतो, आणि न निघाला तर तोंड फुगवून बसतो. दुसरें मूल अजून लहान आहे, पिशवींत काय असतें हें त्याला ठाऊकच नाहीं. तें नुसतेंच "बाबा आले, बाबा आले" म्हणून टाळ्या पिटतें. पहिल्या मुलाला आपण वाईट म्हणत नाहीं. आपण सारे त्याच वयांतून गेलों आहों. मी मिशनच्या वसतिगृहांत वाढलों. तेथें जेवणापूर्वीं उभें राहून प्रार्थनागीत म्हणण्याची शिस्त होती, आणि खरें सांगावयाचें तर आमचे ओंठ देवाकडे व डोळे आमटीच्या पातेल्यांतील बटाट्यांकडे असत. पण बापाला कोणत्या मुलाची टाळी अधिक गोड वाटत असेल, हें कोणत्याहि पालकाला विचारून पाहावें.

आतां पवित्र शास्त्र उघडूं. ज्या ग्रंथाला आपण मराठींत स्तोत्रसंहिता म्हणतों त्याचें हिब्रू नांव 'तेहिल्लीम' आहे व त्याचा अर्थ 'स्तवनें' असा होतो. हें नांव कोणत्या ग्रंथाला दिलें आहे हें पाहण्यासारखें आहे. त्या १५० स्तोत्रांत विलापाचीं स्तोत्रें इतर कोणत्याहि प्रकारापेक्षां अधिक भरतील. कोणी शत्रूंनीं वेढलेला, कोणी आजारी, कोणी मित्रांनीं टाकलेला. ८८ वें स्तोत्र तर अंधारांतच संपतें, शेवटीं एक किरणहि नाहीं. तरी ज्यांनीं हा संग्रह केला त्यांनीं त्याला 'रडगाणीं' असें नांव दिलें नाहीं, 'स्तवनें' असें दिलें. ज्याच्यापुढें रडावयाचें तो कोण आहे हें माहीत असल्याशिवाय कोणी इतकें मोकळेपणानें रडत नाहीं.

येथें माझे एक सहशिक्षक, जे वादांत मला नेहमीं हरवतात, त्यांनीं आक्षेप घेतला. ते म्हणाले, "देव कोण आहे हें त्यानें काय केलें ह्यावरूनच कळणार ना? मग कृत्यें बाजूला ठेवून स्वभावाची स्तुति करावयाची ती कशाच्या आधारानें?" आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तर १३६ व्या स्तोत्रांत आहे असें मला वाटतें. त्यांत २६ वचनें आहेत व प्रत्येक वचनाचा उत्तरार्ध एकच आहे. पूर्वार्धांत आकाश, पृथ्वी, सूर्य, चंद्र, मिसर देशांतील सुटका, समुद्र दुभंगणें, अरण्यांतील वाटचाल, अशीं कृत्यें एकामागून एक येतात. उत्तरार्धांत मात्र प्रत्येक वेळीं त्याची दया सर्वकाळची आहे एवढेंच येतें. पूर्वार्ध बदलत जातो, उत्तरार्ध बदलत नाहीं. कृत्यें खिडकीसारखीं आहेत. त्यांतून पाहावयाचें तें आंतल्या व्यक्तीकडे. आईची माया आपल्याला तिच्या हातच्या जेवणावरून कळली हें खरें, पण म्हणून ती अंथरुणाला खिळली व स्वयंपाक बंद झाला कीं ती आई राहत नाहीं असें कोणी म्हणतें काय? "तुम्ही सर्वांना आईवरच नेऊन सोडतां," असें म्हणून माझे मित्र हंसले. पण वाद तेथें थांबला.

मोशेनें जळत्या झुडपापाशीं देवाला नांव विचारलें. आपण असतों तर उत्तरादाखल आपल्या कर्तबगारीची यादी दिली असती. देवानें आपलें असणें हेंच आपलें नांव म्हणून सांगितलें. पुढें सीनाय पर्वतावर त्यानें त्या नांवाचा अर्थ उलगडला: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, दया व सत्य ह्यांनीं भरलेला. हें वर्णन इस्राएल लोकांच्या इतकें तोंडीं बसलें कीं स्तोत्रांत तें आहे, योएलांत आहे, नहेम्याच्या ग्रंथांत आहे, आणि गंमत अशी कीं योनाच्या तोंडींहि तें आहे. पण तो तें चिडून म्हणतो! निनवे शहराला क्षमा झाली म्हणून त्याला राग आला, आणि देवा, तूं असाच आहेस हें मला आधींपासून ठाऊक होतें, अशी त्याची तक्रार होती. शब्द बरोबर पाठ असूनहि स्तुति होत नाहीं, ह्याचें ह्याहून चांगलें उदाहरण मला माहीत नाहीं. गीतांच्या पुस्तकांतले शब्द पाठ असणाऱ्या आम्हां सर्वांसाठीं योना तेथें बसवून ठेवला आहे.

आणि आतां त्या मुलासाठीं. यशया संदेष्ट्याला मंदिरांत दर्शन झालें तें कोणत्या वर्षीं? तो स्वतःच सांगतो: उज्जीया राजा मेला त्या वर्षीं. उज्जीयानें यरुशलेमेंत ५२ वर्षें राज्य केलें होतें. त्या नगरांत अशीं कितीतरी माणसें असतील कीं ज्यांनीं दुसरा राजा पाहिलेलाच नव्हता. तो गेला. घरांतला कर्ता माणूस गेला म्हणजे ओसरीवरची जी जागा एकदम रिकामी दिसूं लागते, तशी ती संबंध राष्ट्राची जागा रिकामी झाली. त्याच वर्षीं यशयाला दुसरें एक सिंहासन दिसलें आणि तें रिकामें नव्हतें. त्याच्याभोंवतीं उडणारे सराफीम एकमेकांना काय सांगत होते? कोणी बरा झाला असें नाहीं, कोणी लढाई जिंकली असें नाहीं. परमेश्वर पवित्र आहे असें त्यांनीं तीनदां म्हटलें, आणि सारी पृथ्वी त्याच्या वैभवानें भरली आहे असें सांगितलें. त्या गीतांत देवाकडून मिळालेल्या एकाहि वस्तूचा उल्लेख नाहीं. म्हणून ज्याच्या घरीं त्या वर्षीं कांहींच मिळालें नव्हतें, उलट होतें तेंच गेलें होतें, त्यालाहि तें गीत ऐकतां आलें. बाळा, तूं त्या दिवशीं मला विचारलेंस तेव्हां हें सांगावयास हवें होतें. सभेंत सर्व जण आभार मानीत असतांना तुला गप्प उभें राहावें लागलें, कारण आमची प्रार्थना ज्यांच्या पिशव्या भरल्या होत्या त्यांच्यापुरतीच होती. दोष तुझा नव्हता, प्रार्थनेचा होता.

हबक्कूकानेंहि हेंच केलें. अंजिराला फूल नाहीं, वेलीला फळ नाहीं, जैतुनाचें पीक बुडालें, शेत पिकलें नाहीं, मेंढवाडा ओस, गोठा रिकामा, अशी त्यानें एकेक मोजून यादी दिली आहे. आमच्या खेड्यांतील पालकांना ती यादी समजावून सांगण्याची गरज नाहीं. कणगी खडखडीत आणि दावणीला जनावर नाहीं, असे उन्हाळे त्यांनीं पाहिलेले आहेत. आणि तरीहि मी परमेश्वराच्या ठायीं आनंद करीन असें तो म्हणतो. पण हें लक्षांत ठेवावें कीं त्याच्या आधींच्याच वचनांत त्याचे ओंठ थरथरत आहेत व पाय लटपटत आहेत. स्तुति करणारा माणूस धैर्याचा पुतळा असावा लागतो असें नाहीं. पौल व सीला फिलिप्पै येथील बंदिशाळेंत मध्यरात्रीं गात होते तेव्हां त्यांच्या पाठीवरील फटक्यांच्या जखमा अजून कोणीं धुतल्याहि नव्हत्या. धरणीकंप मागून झाला. गीत आधीं झालें.

प्रभु येशूनें शिकविलेल्या प्रार्थनेचा क्रमहि पाहण्यासारखा आहे. आधीं पित्याचें नांव, मग त्याचें राज्य, मग त्याची इच्छा. रोजच्या भाकरीची पाळी चौथी येते. आपण मात्र पहिल्या तीन पायऱ्या घाईघाईनें चढून भाकरीपाशीं श्वास घेतों. आणि ज्या रात्रीं तो धरून दिला गेला त्या रात्रीं भोजनानंतर शिष्यांसह गीत गाऊन तो जैतुनांच्या डोंगराकडे निघाला, असें मत्तय लिहितो. वल्हांडणाच्या वेळीं ११३ ते ११८ हीं स्तोत्रें म्हणण्याची यहूदी लोकांत चाल आहे; त्या स्तोत्रांत स्तवनच स्तवन भरलेलें आहे. गेथशेमाने तेथून थोड्याच पावलांवर होतें, आणि तें त्याला माहीत होतें. देव कोण आहे हें आम्हां ख्रिस्ती लोकांना कळतें तें एखाद्या व्याख्येवरून नव्हे, तर ह्या गाणाऱ्यावरून: ज्यानें कुष्ठरोग्याला हात लाविला, लाजाराच्या थडग्यापाशीं जो रडला, आणि खिळे ठोकणाऱ्यांसाठीं ज्यानें क्षमा मागितली. देव असा आहे. माझी परीक्षा उत्तीर्ण होवो वा न होवो, देव असाच आहे.

आपल्या मराठी मंडळीला हें स्तवन परकें नाहीं. इंग्लंडांतून इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आलेल्या फादर स्टीफन्स ह्यांनीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचलें व तें १६१६ मध्यें छापून निघालें. त्यांनीं आपल्याकडील पुराणांची रीत उचलली. कथेला हात घालण्याआधीं देवाच्या थोरवीला नमन केलें. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्यें ख्रिस्ती झाले व १९१९ मध्यें वारले. ह्या चोवीस वर्षांत त्यांनीं मंडळीला जीं गीतें दिलीं त्यांवर आपली उपासना अजूनहि पोसली जात आहे. ख्रिस्ताला माउली म्हणून हांक मारावयास त्यांनीं आम्हांला शिकविलें. मुलें हीं भजनें म्हणतात, टाळहि चांगला धरतात. पण शब्दांकडे लक्ष द्यावें असें त्यांना कोणी सांगत नाहीं. अलीकडे युवकसभांतून नवीं नवीं गीतें आलीं आहेत. त्यांच्या चालींशीं किंवा वाद्यांशीं माझें भांडण नाहीं. १५० व्या स्तोत्रांत झणझणणाऱ्या झांजासुद्धां आहेत, तेव्हां विजेच्या पेटीला मी कोण नको म्हणणार? पण कांहीं गीतांतून 'मला, माझें, माझ्यासाठीं' हे शब्द काढून टाकले तर फक्त चालच शिल्लक राहते, एवढें मात्र बोलल्याशिवाय राहवत नाहीं.

पंडिता रमाबाईंचें नांव आमच्या मुलींच्या तोंडीं नेहमींच असतें, परंतु तें बहुधा निबंधापुरतें. मायबाप आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेलीं, भाऊ १८८० मध्यें गेला, पति १८८२ मध्यें गेला, आणि अखेर १९२१ मध्यें एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्याच वर्षीं त्या स्वतः गेल्या. केडगांवच्या मुक्ति मिशनांत शेंकडों निराधार स्त्रियांचा संसार सांभाळून, मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, बायबलाचें सोपें मराठी भाषांतर करण्यांत त्यांनीं आयुष्याचीं उतरतीं वर्षें घालविलीं. त्यांच्या अंतःकरणांत काय चाललें होतें हें सांगण्याचा मला अधिकार नाहीं. एवढें मात्र दिसतें कीं जिनें देवाशीं केवळ जमाखर्चाचें नातें ठेविलें असतें तिनें ती वही फार पूर्वींच मिटली असती.

हें मी ग्रंथांत वाचून लिहीत आहें असें कोणास वाटेल, म्हणून घरची एक गोष्ट सांगतों. २०२१ च्या एप्रिलमध्यें कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत माझा थोरला भाऊ गेला. आम्ही त्याच्यासाठीं रात्रंदिवस प्रार्थना केली होती. दफनाच्या वेळीं बोटांवर मोजण्याइतकींच माणसें होतीं, व आईला तर जातांहि आलें नाहीं. संध्याकाळीं घरीं कौटुंबिक प्रार्थनेची वेळ झाली. ती चालविण्याचें काम माझें. पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. मागावें तर मागितलेलें मिळालें नव्हतें, आभार मानावेत तर कशाचे? बराच वेळ तसाच गेला. मग आई बोलूं लागली. चौथीच्या पुढें ती शिकलेली नाहीं. ती म्हणाली, "देवा, तूं पवित्र आहेस. तूं दयाळू आहेस. तूं काल होतास तोच आज आहेस. आमेन." इतकेंच. त्यांत मागणें नव्हतें आणि आभारहि नव्हते. ती रडत होती, तिचा आवाज चिरकत होता, आणि तें ऐकतांना मला प्रथमच वाटलें कीं आपल्या पायांखालीं कांहीं टणक लागलें. आमचें दुःख त्यानें कमी झालें नाहीं. अजूनहि झालेलें नाहीं. पण त्या रात्रीं आम्ही देवापुढून उठून गेलों नाहीं.

ह्या शाळेंत ख्रिस्ती मुलांपेक्षां इतर धर्मांचीं मुलें अधिक आहेत. त्यांच्या पालकांना हें सर्व आमच्या घरगुती बोलण्यासारखें वाटेल. परंतु मला ह्या बाबतींत एका वारकरी शेजाऱ्यानें एकदां चांगलेंच खजील केलें. ते दरवर्षीं आषाढी वारीला पायीं जातात. मीं विचारलें, "यंदा काय मागणार?" ते माझ्याकडे जरा आश्चर्यानेंच पाहत म्हणाले, "मागायला कशाला जायचें, सर? भेटायला जातों." आमच्या श्रद्धेंतील भेद लहान नाहींत आणि ते झांकावेत असें मला वाटत नाहीं. पण ते उत्तर घेऊन मी रविवारीं मंदिरांत गेलों, आणि आपण येथें भेटायला आलों आहों कीं मागायला, हें स्वतःला विचारल्यावर मान वर करतां येईना.

वर्गांत एका हुशार मुलीनें विचारलें होतें कीं देवाला आपली स्तुति आवडते म्हणजे तो गर्विष्ठ नाहीं काय? प्रश्न चांगला आहे आणि असे प्रश्न विचारल्याबद्दल कोणीं मुलांवर रागावूं नये. शाळेच्या नव्या भिंतींचें काम चाललें होतें तेव्हां गवंडी ओळंबा सोडून पाहत असे, हें त्या वर्गानें खिडकींतून पाहिलें होतें. ओळंब्याला भिंतीची गरज नसते. भिंतीला त्याची असते. भिंतीशेजारीं तो सोडला नाहीं तर ती कोणीकडे कलत चालली आहे हें तिचें तिला कळत नाहीं. देव केवढा आहे हें मोठ्यानें म्हटल्यावर मी केवढा आहें हें मला आपोआप कळतें, आणि माझें संकटहि केवढें आहे तें कळतें. ५० व्या स्तोत्रांत देव स्वतःच सांगतो कीं मला भूक लागली तरी मी तुम्हांला सांगणार नाहीं. त्याला आमच्या गोड बोलण्याची उपासमार झालेली नाहीं. त्या मुलीचें समाधान झालें कीं नाहीं मला ठाऊक नाहीं. तिनें "बरं, सर" असें म्हटलें, आणि त्या दोन शब्दांत पुष्कळ अर्थ असूं शकतात.

गेल्या जानेवारीपासून आम्हीं एका वर्गांत एक लहानसा प्रयोग केला. आठवड्यांतून एक दिवस, सोमवारीं, वर्गाच्या प्रार्थनेंत कांहीं मागावयाचें नाहीं व कशाचे आभारहि मानावयाचे नाहींत. फक्त देव कसा आहे तें त्याला सांगावयाचें. पहिल्या सोमवारीं फार फजिती झाली. "देवा, तूं महान आहेस," एवढें म्हणून मुलगा थांबला, इकडेतिकडे पाहूं लागला, आणि शेवटीं संवयीनें "आम्हांला चांगली बुद्धि दे" म्हणून सुटला. सारा वर्ग हंसला. दुसऱ्या सोमवारीं दोन वाक्यें झालीं. त्यानंतर मुलें आठवडाभर आधींपासून शोधूं लागलीं असावीं, कारण वाक्यें त्यांचीं स्वतःचीं येऊं लागलीं. "देवा, तुला आमचा कंटाळा येत नाहीं." "देवा, तूं कोणाची चेष्टा करीत नाहींस." हें दुसरें वाक्य म्हणणाऱ्या मुलाची वर्गांत किती चेष्टा होत असे हें मला माहीत होतें, वर्गालाहि माहीत होतें, आणि त्या दिवशीं कोणी हंसलें नाहीं. देवाच्या स्वभावाचें एक वाक्य खरेपणानें बोललें गेलें कीं तें बोलणाऱ्यावर व ऐकणाऱ्यांवर परत येऊन पडतें. जो चेष्टा करीत नाहीं त्याची स्तुति करून मधल्या सुट्टींत चेष्टा करणें त्या मुलांना जड गेलें असावें. निदान कांहीं दिवस तरी गेलें.

व्हरांड्यांत प्रश्न विचारणारा मुलगा त्याच वर्गांत होता. त्याची पाळी फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारीं आली. मीं त्याला आधीं सांगून ठेवलें होतें कीं नको असेल तर पाळी पुढें ढकलतां येईल. तो उभा राहिला. "देवा, तूं बाप आहेस," असें म्हणाला. पुढें कांहीं बोलेल म्हणून आम्ही डोळे मिटून थांबलों. तो खालीं बसला तेव्हां बांकाचा आवाज झाला, म्हणून प्रार्थना संपली हें आम्हांला कळलें. मीं त्याला नंतर कांहीं विचारलें नाहीं.

येत्या जूनपासून ही सोमवारची प्रार्थना सर्व वर्गांना मिळून सभागृहांत व्हावी अशी विनंती मीं मुख्याध्यापकांना केली आहे. ज्या विद्यार्थ्यांना पाळी घ्यावयाची असेल त्यांनीं आपलीं नांवें वर्गशिक्षकांकडे द्यावीं. सक्ति कोणावरहि नाहीं. पालकांपैकीं ज्यांना सकाळीं सवड असेल त्यांनीं येऊन मागच्या बांकांवर बसावें. तेथें जागा नेहमीं रिकामीच असते.